सहावी ब निर्भय आहे

श्रेणिक कुंभोजे सरांनी आजवर एकशे चौदा प्रशिक्षणं घेतली होती आणि त्यांतल्या एकशे तेरांमध्ये त्यांना डुलकी लागली होती. एकशे चौदाव्यात लागली नाही, कारण मनगटावरची पट्टी झोपू देईना. डोळा मिटला की ती गुरगुरायची आणि समोरच्या पडद्यावर सरांच्या नावापुढे 'सहभागी निष्क्रिय' असं उमटायचं. तालुक्यातले ऐंशी शिक्षक ते मोठ्या आवडीनं वाचायचे.

प्रशिक्षणाचं नाव होतं 'आघातसजग अध्यापन आणि समेटाची पद्धत'. सन दोन हजार एकोणचाळीसचा जून. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'आघात' एवढंच करून टाकलं. चहाच्या टपरीवर ते एकमेकांना विचारायचे, "काय, तुमच्या आघाताचा कितवा दिवस?"

मार्गदर्शक बाई मात्र मन लावून सांगत होत्या. मूल खोड्या काढतं, गप्प बसतं, पळून जातं, तेव्हा 'तुला झालंय तरी काय' असं दरडावू नका. त्याच्यावर काय गुदरलंय ते शोधा. शिक्षेनं चूक मिटत नाही. ज्याला झळ लागली आणि ज्याच्यामुळे लागली, त्या दोघांना गोलात बसवा, बोलतं करा. नुकसान कसं भरून काढायचं ते त्यांनाच ठरवू द्या. आणि आवाज खाली. मुलाशी नेहमी हळू, मायेनं बोला.

जागे असल्यामुळे सरांना हे सगळं ऐकावं लागलं, आणि पंचाईत अशी झाली की ते त्यांना पटलं. घरी आरशासमोर उभं राहून ते खालच्या पट्टीत 'बाळा' म्हणायचा सराव करू लागले. बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "घसा बसलाय का? काढा करू?"

पट्टीचं शास्त्र साधं होतं. निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर जरा कमी, जरा जास्त होत राहतं, गप्पा मारत चाललेल्या माणसाच्या पावलांसारखं. भीती वाटली की तेच हृदय कवायत करू लागतं: ठोके भरभर आणि अगदी सारख्या अंतरावर. कातडी ओलावते, ओल्या कातडीतून वीज सहज वाहते. घामात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. पट्टी या तिन्ही गोष्टी मोजायची आणि रंग दाखवायची. हिरवा, पिवळा, लाल.

पण प्रत्येकाचं हृदय वेगळं. म्हणून हे मूल एरवी कसं असतं, ते पट्टीला आधी शिकवावं लागायचं. सात दिवस नुसती बांधून ठेवायची. याला 'पायानोंद' म्हणत. त्या काळात पट्टीला जे दिसेल ते तिच्या लेखी नेहमीचं, म्हणजे हिरवं. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून. पट्टीला बरं-वाईट कळत नव्हतं, फक्त फरक कळत होता. सर गणिताचे, त्यांना ही युक्ती फार आवडली. शून्य कुठं मांडायचा हे एकदा ठरलं की उरते ती वजाबाकी.

मुलांच्या पट्ट्या शाळेत आल्या त्या श्रावणात, ऐन जत्रेच्या सोमवारी.

मुख्याध्यापिका वैजयंता हसबे मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. "सर, तुमच्या सहावी बची पायानोंद आज संध्याकाळपर्यंत वर गेली पाहिजे. जिल्ह्यात फक्त आपलीच राहिलीय."

"मॅडम, तिला सात दिवस लागतात."

"पत्र कधीचं आहे?"

"मागच्या सोमवारचं."

"मग झाले की सात दिवस."

"आणि वर्गात एकच पोरगी आहे. बाकी एकतीस पाळण्यात बसलीत."

मॅडमनी चष्मा काढला. "कुंभोजे सर, जंतनाशक गोळ्यांपासून नारळाच्या झाडांपर्यंत या शाळेची सगळी माहिती आजवर तुम्हीच भरलीत. तेव्हा काय गोळ्या मोजल्या होत्या?"

मोजल्या नव्हत्या. माहिती घेणं आणि माहिती भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत सरांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी पट्टीचं माहितीपुस्तक चाळलं. मधेच दाखल झालेल्या मुलांसाठी त्यात 'शीघ्र नोंद' होती, सत्तर मिनिटांची. एका हातावर चार पट्ट्या, दोन हातांवर आठ. आठ चोक बत्तीस. शाळा सुटायच्या आत काम फत्ते.

हजर असलेली मुलगी होती रेणुका धोत्रे. जूनमध्येच आलेली. आईबाप दगडाच्या खाणीवर, खाण हलली की तेही हलायचे. म्हणून चार वर्षं ती लांबच्या एका निवासी शाळेत होती, आणि आता आत्याकडे. रेणुका म्हणजे सरांच्या लेखी आदर्श. हलायची नाही, बोलायची नाही, मान खाली. "अशी बत्तीस असती तर," असं सर शिक्षकखोलीत नेहमी म्हणत. त्या दिवशी त्यांनी तिचीच बत्तीस केली.

ग्रंथालयाच्या खोलीत तिला बसवलं. मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्या चढवल्या, नव्या नवरीच्या चुड्यासारख्या. बाहेर जत्रेचे कर्णे कोकलत होते, म्हणून दार लावून घेतलं. मग आघातात शिकवल्याप्रमाणे खाली वाकून, अगदी हळू म्हणाले, "बाळा, घाबरायचं नाही हं. आता आपण दोघंच. तू नुसतं गप्प बसायचं."

"हो सर."

दर सत्तर मिनिटांनी ते ऑफिसात जाऊन आठ पट्ट्यांची नोंद वर चढवायचे, परत यायचे, नव्या आठ बांधायचे, दार लावायचे आणि तेच मायेनं सांगायचे. चौथ्या वेळी त्यांनी तिला चिक्की दिली. तिनं ती मुठीत धरून ठेवली, खाल्ली नाही. आत्याच्या पोरांसाठी ठेवली असेल, असं सरांना वाटलं आणि त्यांना भरून आलं.

दिवाळीपर्यंत सहावी ब जिल्ह्यात पहिली आली. लाल शून्य, पिवळे शून्य. अहवालाच्या शेवटी यंत्रानं आपणहून लिहिलं होतं: 'सहावी ब निर्भय आहे.' मॅडमनी ते वाक्य चौकटीत घालून ऑफिसात लावलं. दर बुधवारी येणाऱ्या समुपदेशक बाईंना दुसरी शाळा दिली, कारण इथं त्यांना काम उरलं नव्हतं.

जानेवारीत एकदा वर्गातल्या छताचा गिलावा पडला. धाडकन. पोरं किंचाळत बाहेर पळाली, दोघं-तिघं रडत होती, खुद्द सर टेबलाखाली सापडले. सरांची प्रशिक्षणातली पट्टी लालभडक. बत्तीस पोरांच्या बत्तीस पट्ट्या हिरव्यागार.

"बघा, कशी धीट झालीत," मॅडम म्हणाल्या.

सर हसले. पण गणिताच्या माणसाला एक खोड असते. उत्तर फारच सुबक आलं की तो ते पुन्हा ताडून बघतो. सरांनी ते ताडून बघणं महिनाभर टाळलं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, तिसऱ्या तासाला, रेणुकाची आत्या ऑफिसात आली. सुवर्णाबाई. कोपऱ्यावर त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं, हात कायम गरम असायचे. रेणुका मागं दाराशी उभी राहिली. सर कपाटाजवळ हजेरीपट लावत होते.

"मॅडम, पोरगी जेवत न्हाई," सुवर्णाबाई म्हणाल्या. "शाळंची येळ झाली की उलट्या. दप्तराला हात लावंना. हितं कोन मारतं का तिला?"

मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. ऑगस्टपासून एकदा तरी लाल दिसतोय का? पिवळासुद्धा नाही. तुमच्या भाचीला शाळेत काडीची भीती वाटत नाही. यंत्र कशाला खोटं सांगेल?"

सुवर्णाबाई त्या हिरव्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग भाचीकडं वळल्या. "म्हंजे नाटक व्हय गं?"

रेणुका दाराच्या चौकटीला आणखी टेकली.

"मी तसं म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "रंग बघा, एवढंच."

"मग तिकडं निवासी शाळंतच बरी व्हती. चार वर्सांत एक तक्रार आली न्हाई तितनं. सोमवारी त्यांची गाडी येनार हाय पोरं न्यायला. दाखला द्या तिचा, धाडून देते परत."

सरांनी रेणुकाकडं पाहिलं. चेहरा कोरा. पट्टी हिरवी. पण एका हाताची नखं तिनं दुसऱ्या तळहातात इतकी रोवली होती की बोटं पांढरी पडली होती. सरांनी हातातले हजेरीपट कपाटावर ठेवून दिले.

कारकून गुरव भाऊसाहेब दाखला लिहायला बसले. शाळा कागदमुक्त झाल्यापासून कागद दुप्पट झाला होता, त्यामुळे दाखला तीन वह्यांत नोंदवावा लागायचा. तेवढा वेळ सरांच्या हाती होता. ते संगणकखोलीत गेले आणि श्रावणातल्या त्या सोमवारची कच्ची नोंद त्यांनी उघडली.

शीघ्र नोंदीत पट्टी दर मिनिटाला एक आकडा लिहायची. सरांनी ते आकडे कागदावर मांडून रेघ काढली. ती सपाट नव्हती. चार कडे होते, सरळसोट वर चढणारे. दहा बेचाळीस. बारा सात. एक एकावन्न. तीन अकरा. आणि कड्यावर चढलेली रेघ खाली उतरतच नव्हती, पुढची सत्तर मिनिटं तशीच वरच्या वर.

मग त्यांनी स्वतः नोंदी वर चढवल्याच्या वेळा काढल्या. पहिला कडा दार पहिल्यांदा लावलं तेव्हाचा, आणि पुढचा प्रत्येक कडा आधीची नोंद वर चढवल्यावर तीन-चार मिनिटांनी. ऑफिसातून चालत परत यायला, आठ पट्ट्या बांधायला, दार लावायला आणि 'आता आपण दोघंच' म्हणायला लागतात तेवढी मिनिटं.

वर्गाचा शून्य त्यांनी एका पोरीच्या जिवाच्या थरकापावर मांडला होता. छत कोसळलं तरी बाकीची पोरं त्या शून्याच्या खालीच राहणार होती. आणि रेणुका कितीही घाबरली तरी तिच्या पट्टीला त्यात नवीन काही दिसणार नव्हतं. वजाबाकी बिनचूक होती.

सर ऑफिसात आले तेव्हा दाखला मॅडमच्या टेबलावर होता. फक्त सही राहिली होती. "सुवर्णाबाई, पाच मिनिटं बाहेर बसता का?" ते म्हणाले. त्या भाचीला घेऊन व्हरांड्यात गेल्या. सरांनी सगळं सांगितलं.

मॅडम शांतपणे ऐकत होत्या. "बुधवारी पुरस्कार आहे," त्या म्हणाल्या. "पालकमंत्री येतायत. मांडववाला येऊन माप घेऊन गेला."

"माहीत आहे."

"चौकशी लागेल. निलंबन होईल. तुमचं आधी, मग माझं. तुमची नोकरी किती राहिली?"

"चार वर्षं."

"मग गप्प बसलात तर कोणाचं काय बिघडतंय?"

"तिचं. ती सोमवारी गाडीत बसेल."

"तिथं ती चार वर्षं नीट होती."

"नीट होती का गप्प होती, हे आपल्याला कळत नाही, मॅडम. इथंही ती नीटच आहे. तुमच्या मागं चौकट लावलीय."

मॅडमनी मागं वळून पाहिलं नाही. सरांच्या मनगटाकडं पाहिलं. "तुमची पट्टी लाल झालीय."

"माझी पायानोंद खरी आहे. सात दिवसांची."

'झाले की सात दिवस' हे कोण म्हणालं होतं, ते दोघांनाही आठवत होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आपण ते समेटाचं शिकलोय ना? गोलात बसून? दहा मिनिटं देते. काय बोलायचं ते बोला. मग मी सही करणार."

सुवर्णाबाईंना आणि रेणुकाला आत बोलावून खुर्च्या गोल मांडल्या. चार माणसांचा गोल चौकोनीच होतो, पण ते असो. गुरव भाऊसाहेबांनी ऐकू नये म्हणून मॅडमनी दार लावलं. प्रशिक्षणात सरांनी असे सहा गोल केले होते. तिथं कुणीतरी कुणाच्या वहीवर चहा सांडलेला असायचा, आणि शेवटी सगळे 'छान वाटलं' म्हणून जेवायला जायचे. प्रश्न चार होते. काय घडलं, कोणामुळे, कोणाला झळ लागली, आता काय केलं म्हणजे बरं होईल.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं सरांनीच दिली. पट्ट्या, खोली, आकडे, काही लपवलं नाही. सुवर्णाबाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या खुर्चीत पुढं सरकल्या.

"म्हंजे ही भ्यायली, म्हनून तुमचा नंबर आला?"

"हो."

"आनि मला सांगितलं, नाटक करतीया."

मॅडमनी टेबलावरचा पडदा स्वतःकडं वळवून घेतला.

"हिला इचारा," सुवर्णाबाई म्हणाल्या. "मला काय सांगताय? हिला इचारा की."

सर रेणुकाकडं वळले, पुढं वाकले आणि सवयीनं आवाज खाली गेला. "बाळा, हे बघ..."

पोरगी खुर्चीत मागं सरकली. पाठ टेकली तरी आणखी मागं सरकत होती. सरांनी हे आजवर शंभरदा पाहिलं असेल, त्याला ते नम्रपणा समजत होते. वाक्य तसंच अर्धं सोडून ते उठले आणि जाऊन दार सताड उघडलं. दाराला कान लावून उभे असलेले गुरव भाऊसाहेब सरळ झाले, आणि सूचनाफलक वाचू लागले.

रेणुका दाराकडं बघत होती. उघडं आहे याची खात्री करून घेतल्यासारखी. मग ती दाराशीच बोलली.

"तितलं सर बी असंच बोलायचे. हळू. बाळा म्हनायचे. मग कोठीत न्यायचे, तांदळाची पोती असत्यात तितं. दार लावायचे. भायेरनं कडी."

"कशाबद्दल?" मॅडमनी विचारलं.

"बोललं की. रातीला रडलं की."

"किती वेळ गं?"

"घंटा हुईपातूर. कदी मदली, कदी सकाळची."

सुवर्णाबाईंचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तू भेटाय आलती तवा त्यास्नी बघितलंस. म्हनलीस, सर लय चांगलं हायती. किती हळू बोलत्यात."

मॅडमनी दाखला बाजूला सारला नाही, पण एक कोरा कागद पुढं ओढला. "त्या शाळेचं पूर्ण नाव सांग," त्या रेणुकाला म्हणाल्या. "आणि त्या सरांचं. हे आजच्या आज जिल्ह्याला जाईल." त्यांनी लिहिलं, आणि पुन्हा वाचून दाखवून खात्री करून घेतली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच या ऑफिसात माहिती विचारून भरली गेली.

चौथा प्रश्न राहिला होता. सरांना तो विचारायचं धाडस होईना. कुठल्या आवाजात विचारावा हेच कळेना. अखेर सुवर्णाबाईंनी विचारला. "काय केलं म्हंजे येशील गं शाळंत? का मी निसती इस्त्री शिकवू तुला?"

रेणुकानं पुन्हा दाराकडं पाहिलं.

"दार उगडं ठेवा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मोट्यानं बोला."

"मोठ्यानं?" मॅडम म्हणाल्या. "अगं, मोठ्यानं बोललेलं पोरांना..."

"बाबा मोट्यानं बोलतो. खानीत मशीन चालू असतं ना. आई बी वरडूनच बोलती. मोट्यानं बोललं की काय हाय ते कळतं." ती पहिल्यांदाच सरांकडं बघून बोलत होती. "हळू बोललं की कळत न्हाई फुडं काय हाय."

एकशे चौदा प्रशिक्षणांत हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं. ते फक्त या एका खुर्चीवर बसलेल्या माणसाला ठाऊक होतं.

"धोत्रे," सर म्हणाले. आवाज शेळीसारखा निघाला. आठ महिन्यांत घशाला सवयच उरली नव्हती.

"आजून."

"धोत्रे."

"सर, मशीन चालू हाय म्हना."

सरांनी छाती भरून घेतली. पायानोंदीचं खरं ते स्वतःच जिल्ह्याला कळवणार होते, त्यामुळे सोमवारी त्यांना कारणे दाखवा नोटीस येणार होती. बुधवारचा पुरस्कार दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेला जाणार होता, आणि त्या शाळेनं पायानोंद कशी केली हे कुणीच विचारणार नव्हतं. यातलं बरंचसं सरांना त्या क्षणी दिसत होतं.

"धोत्रे," ते गरजले, "सोमवारी शाळेत यायचं. गणिताच्या तासाला. दार उघडं असेल."

सर कुणाला मारतायत ते बघायला शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या. सहावी ब व्हरांड्यात गोळा झाली. त्यातल्या दोघांचे खांदे कानाला टेकले होते आणि एक मुलगी खांबामागं गेली होती. तिघांच्याही पट्ट्या अर्थात हिरव्या होत्या. त्यांना मोठ्यानं चालणार नव्हतं. कुणाला हळू लागेल, कुणाला आणखी काही, ते एकेकाला विचारावं लागणार होतं, आणि त्याला शीघ्र नोंद नव्हती. सरांनी तिन्ही नावं मनाशी टिपून ठेवली.

"यीन सर," रेणुका म्हणाली. मोठ्यानं. आवाज खाणीतलाच होता. भाऊसाहेबांच्या हातातली वही हलली.

मॅडमनी टेबलावरचा दाखला उचलला आणि सुवर्णाबाईंच्या कानाशी झुकून, दबक्या आवाजात विचारलं, "मग, सही करू का याच्यावर?"

"मोठ्यानं बोला मॅडम," सुवर्णाबाई म्हणाल्या. "पोरगी ऐकतीया."